वाडीचा आकडा

वसईच्या कॉलेजात दिवाकर राऊत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स शिकवायचा, आणि काही वर्षं शिकवून तो बल्बना पार विटला होता. पुस्तकातला प्रत्येक कारखाना बल्बच काढायचा. शंभरातले किती फुटके निघतात, एक बल्ब सरासरी किती तास जळतो, दोन कारखान्यांतला कोणता बरा. पुस्तक लिहिणाऱ्या गृहस्थाच्या घरी बहुधा कायमचा अंधार असावा. पोरं फळ्यावरचं वहीत उतरवून घेत, परीक्षेत वहीतलं पेपरात उतरवून देत, आणि या सगळ्या उलाढालीत त्यांच्या डोक्याला कुठे धक्का म्हणून लागत नसे.

१९८२ची दिवाळी होऊन कॉलेज उघडलं आणि मागच्या बाकावरच्या प्लासिड तुस्कानोने हात वर केला.

"सर, आपल्या वर्गातला एक तरी जण बल्बचा कारखाना काढणार आहे का?"

वर्ग हसला. दिवाकर चिडला. "मग काय शिकवू तुला?"

"तसं नाही सर. वालीवला माझ्या चुलतभावाचं वर्कशॉप आहे, पण तोसुद्धा स्क्रू करतो. बाकी आमच्याकडे वांगी."

पुन्हा हशा झाला आणि तास संपला. दिवाकर मात्र दिवसभर वांग्यांचा विचार करत राहिला. पोरगं उद्धट होतं, पण बोलत होतं ते खरं. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं वाडीवाल्यांची होती, भाजी आणि केळी पिकवणाऱ्या घरांतली. दिवाकर स्वतः तिथलाच, सोपाऱ्याहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आळीतला. घरच्या वाडीला पाणी घालून, मग हातपाय धुऊन तो शाळेत जायचा. या मुलांना बल्ब शिकवायचे म्हणजे जेवायला बसवून पानात पाटी वाढण्यासारखं होतं.

आळीच्या भाजी-फळ सोसायटीत दोन वर्षं एकच वाद चालला होता. चेअरमन तुळशीदासभाऊंचं म्हणणं, आपणच भाड्याने ट्रक ठेवू, माल थेट दादरला जाईल, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको. कमिटी विचारायची, ट्रक भरेल का? कोण म्हणे दोन ट्रक भरतील, कोण म्हणे हातगाडीसुद्धा भरणार नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचा अंदाज खरा, अशी तिथली पद्धत होती.

"भाऊ, अंदाज कशाला?" दिवाकर त्यांना जाऊन भेटला. "माझी मुलं घरोघर जाऊन विचारतील. आळीतून रोज किती माल निघतो ते आकड्यांत काढून देतो."

भाऊ खूश झाले. दिवाकर तर त्याहून खूश. त्यात त्याचा स्वतःचाही एक मतलब होता. त्याची आई, द्वारका, पंचावन्नच्या पुढची. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि वाडी तिने एकटीने सांभाळली होती. रोज पहाटे ती डोक्यावर टोपली घेऊन एस.टी.च्या स्टॉपवर जायची, तिथून सोपाऱ्याच्या बाजारात. बस कर म्हणून दिवाकरने किती वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, बघू. ट्रक आला तर माल घरापासून हाकेच्या अंतरावर सोसायटीच्या काट्यावर घालायचा आणि परत यायचं. मानेवरचं ओझं तरी उतरेल. हे दिवाकरच्या फार मनात होतं.

वर्गाला त्याने एकच नियम घालून दिला. "लोक जे सांगतील तेच लिहायचं. पदरचं एक अक्षर घालायचं नाही."

उन्हात भटकायला मिळतंय म्हटल्यावर पोरं हुरूपाने गेली. आठवड्याभरात सगळ्या घरांचे आकडे आले. दिवाकरने फळ्यावर बेरीज मांडली आणि खडू हातातच राहिला. ट्रकचा तळसुद्धा झाकला जात नव्हता.

पहिल्या बाकावरची सालोमी डिमेलो उभी राहिली. ही मुलगी सहसा बोलत नसे. आज तिच्या तोंडावर हसू होतं आणि ते तिला आवरत नव्हतं.

"सर, यात आमचंही घर आहे. आमच्या आजीने सांगितलंय, एक टोपली. ती टोपली रोज सकाळी तिच्या डोक्यावर मी चढवून देते. एक नसते सर, तीन असतात."

वर्गात खसखस पिकली. दिवाकरने विचारलं, "आणखी कोणाच्या घरून कमी सांगितलंय?"

एक हात वर गेला, मग दुसरा, मग वाडीवाल्यांच्या सगळ्या पोरांनी धडाधड हात वर केले. दिवाकरने फॉर्म चाळले. त्याच्या घरी प्लासिड गेला होता. प्लासिडच्या गचाळ अक्षरात लिहिलेलं होतं, 'द्वारका राऊत. एक टोपली, तीही उणी.' दिवाकरने खडू ठेवला आणि स्वतःचाही हात वर केला. त्या दिवशी पोरांना आपला सर पहिल्यांदा आवडला.

आता यात खोटं बोलण्याचा कोणाचा हेतू नव्हता. त्या पट्ट्यात पिकाचा आकडा तोंडाने काढतच नाहीत. वेलीवर दुधीचं कोवळं फळ धरलं तर त्याच्याकडे सरळ बोट करायचं नाही, बोट वाकवून दाखवायचं. सरळ बोट दाखवलं की फळ कुजतं. यंदा वांगी कशी आहेत विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हायेत आपली दोन-चार." मागे वांग्यांचा ढीग दिसत असला तरी तेच. दृष्ट लागते. यात हिंदू-ख्रिस्ती असा काही भेद नव्हता. सालोमीची आजी दर रविवारी चर्चला जायची आणि दुधी वाकड्या बोटानेच दाखवायची. आणि अशा आळीत दिवाकरने फॉर्म घेऊन पोरं पाठवली होती, तीही स्वतः त्याच आळीत जन्मून! मास्तर झाला की माणूस घरचं विसरतो तो असा.

"सर, सोपं आहे," प्लासिड म्हणाला. "सगळ्याला तीनने गुणून टाकू."

"कोणी तिनातले दोन लपवले असतील, कोणी पाचातला एक. कशाने गुणणार? आणि एकदा आपण आकड्याला हात लावला की तो आपला झाला, त्यांचा राहिला नाही."

"पण सर, विचारायचंच कशाला?" सालोमी पुन्हा उठली. "सगळा माल एस.टी.च्या स्टॉपवरूनच जातो ना? तिथे उभं राहून मोजू."

दिवाकर तिच्याकडे बघतच राहिला. एवढी साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती. त्याने तिथल्या तिथे पाळ्या लावल्या. फक्त टोपल्या मोजायच्या, कोणाची कोणती ते लिहायचं नाही, असं बजावून सांगितलं. लोकांना आपलं नाव कुठे लिहिलेलं नको असतं, एवढं शहाणपण त्याला आता आलं होतं.

पोरं पहाटे स्टॉपवर उभी राहू लागली. सालोमी आणि प्लासिडची पाळी एकत्र आली. आळीतली प्रेमलता डोक्यावर टोपली घेऊन आली, तिने विचारलं, "कोनाची वाट बघतेस गो?"

"एस.टी.ची, मावशी."

तीन एस.ट्या आल्या आणि गेल्या. सालोमी आपली उभीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आळीत सालोमी आणि प्लासिडबद्दल कुजबुज सुरू झाली, सालोमीच्या आजीपर्यंत गेली, आणि दिवाकरला स्वतः जाऊन म्हातारीची समजूत घालावी लागली की मुलगी टोपल्या मोजायला जाते. म्हातारीला हे कारण पहिल्यापेक्षा वाईट वाटलं.

पण आकडा मिळाला. ट्रक भरून वर शीग लागेल एवढा माल रोज त्या स्टॉपवरून जात होता. वर्गाने रिपोर्ट लिहिला, आलेख काढले, सालोमीने सुंदर अक्षरात तो उतरवून काढला. प्रिन्सिपॉलनी स्टाफरूममध्ये कौतुक केलं. कमिटीने ठराव केला: जानेवारी महिना ट्रक ठेवून बघायचा, महिनाअखेर तो भरून जाताना दिसला तर पुढे कायम. दिवाकरने त्या आनंदात वर्गात एक अख्खा तास भाषण ठोकलं. लोक काय सांगतात ते ऐकू नका, लोक काय करतात ते बघा, असं म्हणताना त्याने टेबलावर हातसुद्धा आपटला.

ट्रकचा पहिला दिवस उजाडला. सोसायटीच्या शेडपुढे मोठा काटा मांडला होता. काट्यावर मापाडी काशीराम. हा खाडीकडचा माणूस, छातीचा भाता जबरदस्त. टोपली काट्यावर ठेवली की तो मालकाचं नाव आणि वजन खणखणीत आवाजात पुकारायचा, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं. त्यालाही कारण होतं. पूर्वी एकदा वजनावरून आळीत मोठी भांडणं झाली होती, मापाडी आणि कमिटी मिळून खातात असा बोभाटा झाला होता. तेव्हा ठराव झाला की वजन सगळ्यांच्या कानावर पडलं पाहिजे. सोसायटीने आजवर केलेल्या ठरावांपैकी पाळला गेलेला हा एकच.

आळीतली सुभद्रा आली. टोपली काट्यावर ठेवली. काशीराम ओरडला. पदर सारखा करून सुभद्रा गेली. प्रेमलता आली, एक टोपली ठेवून गेली. मग सालोमीची आजी, एक टोपली. मग दिवाकरची आई, एक टोपली, तीही उणी. दिवाकरला वाटलं, दुसरी खेप आणायला गेल्या असतील. तो वाट बघत बसला. शेवटी ड्रायव्हर तंबाखू थुंकून म्हणाला, "साहेब, निघू का? की आणखी रिकामं भरायचंय?"

झालं होतं असं की फॉर्मवर जिने जेवढं सांगितलं होतं, काट्यावर तिने तेवढंच आणलं होतं. शब्दाची एकेक पक्की. उरलेला माल मागच्या पायवाटेने एस.टी.वर गेला होता, फडक्याखाली झाकून, नेहमीसारखा. नावानिशी वजन पुकारतात आणि सगळी आळी ऐकते म्हटल्यावर कोण शहाणी आपली वाडी काट्यावर उघडी टाकील?

दुसऱ्या दिवशी तसंच. आठवडा गेला तरी तसंच. ट्रक खडखडत जायचा आणि खडखडत यायचा.

"सर," प्लासिड वर्गात म्हणाला, या वेळी अगदी गरीब चेहऱ्याने, "म्हणजे आपला पहिला सर्व्हेच बरोबर होता."

दिवाकर त्याच्यावर ओरडणार होता, पण तोंड उघडून तसाच थांबला. पोरगं बरोबर बोलत होतं. पहिल्यांदा त्यांनी लिहिला होता तो लोकांनी तोंडाने सांगितलेला आकडा. म्हणजे लोक चारचौघांत किती दाखवतील ते. दुसऱ्यांदा मोजलं होतं ते लोकांकडे किती आहे ते. आणि ट्रक भरायचा होता तो दाखवलेल्या मालाने. दोन्ही आकडे खरे होते. दिवाकरने त्यातला चुकीचा खरा आकडा घेऊन कमिटीपुढे छाती काढली होती.

तो तुळशीदासभाऊंकडे गेला. "भाऊ, पुकारणं बंद करा. काशीरामने वजन गुपचूप लिहावं."

"मास्तर, वेड लागलंय का तुम्हाला?" भाऊ म्हणाले. "पुकारणं बंद केलं तर उद्या लोक म्हणतील, तुळशीदास खातो. ते नाय होनार. महिनाअखेरपर्यंत थांबतो, शब्द दिलाय. मग ट्रक बंद. कमिटीला काय सांगायचं ते सांगेन, पोरांचे आकडे चुकले म्हनून."

"आकडे चुकलेले नाहीत."

"मग ट्रक रिकामा का?"

याला दिवाकरकडे एका वाक्यात उत्तर नव्हतं. कमिटी एका वाक्याच्या पुढे ऐकत नसे.

ट्रक बंद झाला असता तर आळीवर आभाळ कोसळणार नव्हतं. पण दिवाकरला झोप लागेना. पोरांनी पहिल्यांदाच पुस्तकाबाहेरचं काही मनापासून केलं होतं आणि त्यांनाच सगळ्यांसमोर खोटं ठरवणार होते. ती पुन्हा कधी आकड्यांवर विश्वास ठेवणार नाहीत. बल्ब वहीत उतरवतील आणि पास होतील. आणि आई मरेपर्यंत टोपली वाहील. या दोन गोष्टींतली कुठली जास्त बोचत होती ते त्याला ठरवता येत नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आई ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसली होती. दिवाकर समोर जाऊन बसला.

"आई, उद्या सगळा माल काट्यावर आण."

"आनते की रोज."

"एक टोपली आणतेस. उरलेला?"

"उरलेला कुठला? हाय तेवढाच हाय."

"आई, मी कॉलेजात हेच शिकवतो."

"शिकव की. मी कुठे नको म्हनते?"

दिवाकरचा आवाज चढला. "अगं, ट्रक बंद होतोय!"

आईने सूप खाली ठेवलं. "तुझ्या बापाने सोसायटीच्या पयल्या सभेत उभं ऱ्हाऊन सांगितलं होतं, माझ्या वाडीत एवढी केळ, एवढे घड. छाती काढून सांगितलं. पुढच्याच उन्हाळ्यात विहिरीचं पानी खारं झालं. केळ उभी जळली. मना विचार कशी जळते ती."

हे दिवाकरला माहीत होतं. त्याचं कारणही माहीत होतं. "त्या उन्हाळ्यात आळीतल्या पाच विहिरी खाऱ्या झाल्या, आई. सगळ्यांनी इंजिनं लावून पाणी उपसलं, खालून समुद्राचं आत आलं. बाकी चौघांनी तर कुठे तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"ते सभेला होते," आई म्हणाली. "टाळ्या वाजवत होते."

एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळे दुसरं घडलं असं होत नाही, यावर दिवाकरचे दोन तास ठरलेले होते, उदाहरणांसकट. ते सगळं त्याच्या जिभेवर आलं. पण बाहेर पडलं ते भलतंच, आणि ते आत इतकं ताजं असेल याची त्याला कल्पना नव्हती.

"आणि माझ्या वेळी? मी बी.कॉम.ला कॉलेजात पहिला आलो तेव्हा तू आळीभर सांगत होतीस, कसाबसा सुटला म्हणून. लोक माझं सांत्वन करायला घरी आले होते, आई! सुभद्राकाकीने डोक्यावरून हात फिरवला माझ्या. तुला एकदा, एकदा तरी म्हणावंसं वाटलं नाही का, माझा पोरगा पहिला आला?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मग काय वाईट झालं? नोकरी लागली ना? आज कॉलेजात शिकवतोस ना? प्रेमलताच्या पोराचे पेढे वाटले होते गावभर. कुठे हाय तो?"

"दुबईला आहे. चांगला आहे."

"आयशीपासून लांब हाय," असं म्हणून तिने सूप पुन्हा ओढून घेतलं.

इतकी वर्षं दिवाकर समजत होता की आईला त्याच्या शिक्षणाचं कौतुक नाही. पानाआड दुधी झाकून ठेवावा तसं तिने त्याला झाकून ठेवलं होतं, आणि तो आत बसून रुसला होता. त्याला हसायला यावं की रडायला ते कळेना. एवढं मोठं कौतुक आपलं कोणी केलं नाही, असं मात्र त्याला त्या क्षणी स्पष्ट वाटलं.

"उद्या शेवटचा दिवस आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला, आता आवाज न चढवता. "भाऊ सगळ्यांसमोर सांगणार आहेत की राऊत मास्तरचे आणि त्याच्या पोरांचे आकडे खोटे. ते खोटे नाहीत, आई. एवढंच तुला सांगायचं होतं."

आई शेंगा निवडत राहिली.

शेवटच्या दिवशी शेडपुढे गर्दी होती. कमिटी आली होती. प्लासिड, सालोमी आणि वर्गातली आणखी काही मुलं आली होती, कोणी बोलावलं नसताना. बायका येत होत्या, आपापली एक टोपली ठेवत होत्या आणि आज काय होतंय ते बघायला बाजूला उभ्या राहत होत्या. द्वारका आली. टोपली काट्यावर ठेवली. काशीरामने नाव आणि वजन पुकारलं आणि टोपली उतरवायला हात घातला.

"थांब. ऱ्हाऊ दे तिथंच," द्वारका म्हणाली आणि परत गेली.

ती दुसरी टोपली घेऊन आली. तिच्यावरचं फडकं तिने सगळ्यांसमोर काढलं. पडवळं होती, हिरवीगार, हातभर लांब. मग ती तिसरी आणायला गेली. तिसरीत दुधी होते, चौथीत काल निवडलेल्या वालाच्या शेंगा. चारही टोपल्या एकाशेजारी एक काट्यावर बसल्या. काशीरामने वजन बघितलं, द्वारकाकडे बघितलं, आणि त्याचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. तो काहीतरी पुटपुटला.

"काशीराम, घसा बसला का तुझा?" द्वारका म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मोठ्यान बोल. ठराव हाय ना?"

"द्वारका राऊत," काशीराम ओरडला, "अडुसष्ट किलो!"

दिवाकरच्या डोक्यात सवयीने हिशोब झाला. एका वेळी डोक्यावर एकीवर एक दोन टोपल्याच बसतात. म्हणजे स्टॉपवर दोन खेपा. तो उठायचा तेव्हा आई टोपल्या घेऊन निघताना दिसायची. ती रोज दुसरी खेप असायची. पहिली तो झोपेत असताना व्हायची, त्याच्या शाळेपासून, कॉलेजपासून, तो प्रोफेसर झाल्यापासूनसुद्धा. सगळ्या आळीच्या टोपल्या त्याने मोजवून घेतल्या होत्या आणि घरातली खेप त्याला माहीत नव्हती. त्याला फार वाईट वाटलं. चारचौघांत डोळे पुसायची त्याला लाज वाटली नाही.

"रोज एवढं?" त्याने आईजवळ जाऊन हळूच विचारलं.

"रोज कुठे? कधीतरी," ती म्हणाली. तेवढ्यातही तिला राहवलं नाही.

बायकांत चुळबुळ सुरू झाली होती. सुभद्राची टोपली काट्याशेजारी केविलवाणी दिसत होती आणि ते सुभद्राला दिसत होतं. "म्हंजे काय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "द्वारकाबायचे अडुसष्ट, आनि माझी वाडी काय ओस पडलीय?" ती तरातरा घराकडे निघाली. तिच्यामागे प्रेमलता निघाली. सालोमीची आजी नातीवर खेकसली, "बघतेस काय अशी? चल, उचलू लाग!" दृष्टीची भीती होतीच, पण शेजारणीपेक्षा कमी दिसण्याची भीती तिच्याहून जबर निघाली. काशीरामचा घसा त्या दिवशी खरोखरच बसला. ट्रक निघाला तेव्हा ड्रायव्हरला मागची फळी लावायला दोघांची मदत लागली.

"मास्तर," तुळशीदासभाऊ म्हणाले, "पुढचा महिना चालू ठेवू." त्यांच्या मानाने हे फार झालं.

प्लासिड आणि सालोमी चहाला म्हणून दिवाकरच्या घरी आली. दोघांच्या अंगात वारं शिरलं होतं. पुढचा सर्व्हे कशाचा करायचा यावरून रस्ताभर वाद चालला होता. आई आधीच घरी पोचली होती. चहाचं आधण नव्हतं ठेवलेलं. ती मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन उभी होती.

दिवाकर समजला. त्याने चपला काढल्याच नाहीत. "चल, वाडीत जाऊ. कुठून सुरुवात करायची? पडवळाच्या मांडवापासून?"

"वाडीचं वाडी बघेल," आई म्हणाली. "तू बस पाटावर."

"माझी कशाला?"

"आकडा मी कोनासाठी बोलले? तो ऐकून सगळी मान्सं कोनाकडे बघत होती? वाडीकडे?" विहीर खारी झाली तेव्हासुद्धा ती एवढी घाबरली नसेल.

दारात प्लासिड आणि सालोमी उभी होती. एकामागून दुसरं घडलं म्हणजे काय होत नाही, ते याच महिन्यात दिवाकरने त्यांना शिकवलं होतं, आणि दोघांनी ते चांगलं लिहिलंही होतं. दिवाकरने चपला काढल्या आणि पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसला.

आईने मूठ त्याच्यावरून उतरवली, आल्यागेल्याची, वाटेची, घरच्यादारच्याची असं पुटपुटत. मग तिने ती चुलीत टाकली. मिरच्या जळल्या आणि ठसका आला नाही तर दृष्ट लागली होती असं समजतात. सगळे चुलीकडे बघत थांबले. धूर वर आला. आई तोंडाला पदर न लावता मुद्दाम तिथेच उभी राहिली. काहीच होईना.

मग दारात सालोमी खोकली. तिच्यापाठोपाठ प्लासिड, मग आई, आणि सगळं घर ठसक्याने भरून गेलं.

"नाय लागली," आई म्हणाली आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते पाटावर बसलेल्या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोफेसरला, आणि त्याने ते दोघा विद्यार्थ्यांपासून लपवलं नाही.